नाही म्हणणाऱ्या बाईंचा चहा

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन, हातात लाटणं धरून, सासूच्या भूमिकेत उभा होतो. स्वातंत्र्यदिनाच्या नाटुकल्याची तालीम चालली होती. सासू झालेली सातवीतली मुलगी फारच गरीब सासू करत होती, म्हणून सासवा फणकारतात कशा ते मी स्वतः करून दाखवत होतो. फोन वाजला. पलीकडे दादा होते, बाईंचे यजमान. "सर... ती गेली," एवढंच म्हणाले. मी होतो तिथंच, पदरासकट, खाली बसलो. आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, सुनेचं उत्तर ऐकून सासूला घेरी आली. इतकी वर्षं गॅदरिंगमधून नाचलो, रडलो, मेलोसुद्धा, पण अशी दाद कधी मिळाली नव्हती. हा किस्सा बाईंना सांगितला असता तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या असत्या आणि मग विचारलं असतं, "लाटनं कोनाचं होतं? पोषन आहारातलं असंन तर धुऊन वापस ठेवजा."

सुमन इंगळे. धामणगाव बढ्याच्या पलीकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिच्या त्या मुख्याध्यापिका. मूळच्या लोणारकडच्या सुलतानपूरच्या, लग्न होऊन इकडं आल्या. घरी दादांची भाजीपाल्याची शेती. अंगानं बारीक, आवाजानं भरदार. खूश असल्या की अस्सल वऱ्हाडीत बोलायच्या आणि रागावल्या की एकदम पाठ्यपुस्तकासारख्या. बाईंच्या तोंडून 'आपण' आणि 'कृपया' ऐकू आलं की आमचा सगळा स्टाफ खिडकीबाहेर बघायला लागायचा. गावात त्यांचं नाव वेगळंच होतं. गाव त्यांना 'नाहीबाई' म्हणायचं. कारण त्यांच्याकडं कोणीही काहीही मागायला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं: नाही. सरपंचांना कमान हवी, नाही. खेळाच्या सरांना नवी जाळी हवी, यंदा नाही. आणि प्रत्येक नाहीबरोबर एक कप चहा, आलं घालून, बाईंच्या स्वतःच्या पदरचा. शाळेच्या खर्चात चहाचा थेंब सापडायचा नाही. लोक चिडून आत जायचे आणि मिशा पुसत बाहेर यायचे.

मी त्यांच्या अगदी उलटा प्राणी. मी मराठी शिकवतो, नाटकं बसवतो, लग्नात सूत्रसंचालन करतो आणि हयातभर मी कोणाला नाही म्हटलेलं नाही. म्हणता येतच नाही. समोरच्याचा चेहरा पडलेला मला बघवत नाही. म्हणूनच आमच्या खात्यातला एक रिवाज मला फार आवडायचा. शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी लागते, वरच्यांना मुख्याध्यापकपदाची बढती मिळते आणि त्यातले कितीतरी शहाणे लोक 'वैयक्तिक कारणास्तव मी पदोन्नती नाकारत आहे' असं लिहून देऊन मोकळे होतात. वैयक्तिक कारण कसलं? अनुदान, कोटेशन, ठराव, उपयोगिता प्रमाणपत्र आणि मार्चअखेर, हेच ते कारण! बढती म्हणजे पगारात थोडी वाढ आणि झोपेत मोठी कपात. माझं नाव वर सरकत होतं आणि ते नकाराचं वाक्य मला एखाद्या स्वगतासारखं पाठ होतं. मी ते स्टाफरूममध्ये वेगवेगळ्या रसांत म्हणून दाखवायचो... करुण, वीर, शृंगारसुद्धा. एकदा दारात बाई उभ्या होत्या. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वा. आता हेच वाक्य 'मले हिशोबाचा भेव वाटते' असं म्हनून पाहा. जास्त जमंन."

माझं खरं शिक्षण सुरू झालं ते मात्र पडद्यामुळं. आमच्या गॅदरिंगचा पडदा म्हणजे चार साड्यांची जोडणी. राजाच्या दरबारामागं कोणाच्या तरी आईची हिरवी नऊवारी झुळझुळायची. मला मखमली पडदा हवा होता, दोरी ओढली की दोन्हीकडं सरकणारा. मी बाईंच्या खोलीत गेलो आणि हात पसरून, डोळे मिटून, तो पडदा त्यांच्यासमोर उघडूनच दाखवला. बाईंनी चहा ठेवला नाही, तिथंच मला शंका यायला हवी होती. त्या उठल्या, स्वतःच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. "बसा."

"मी?"

"हाव, तुमीच. आज तुमी हेडमास्तर."

मी बसलो. बाईंनी खडूचा डबा टेबलावर ओतला. "हे शाळेचं वर्षभराचं अनुदान. पांढरे कोठीही वापरा. रंगीत म्हनजे बांधलेला पैसा. लाल खेळाचा, निळा पुस्तकाचा. त्याचा त्यालेच." एवढं बोलून त्या बाहेर गेल्या आणि दार ढकलून आत आल्या त्या बाई नव्हत्याच! खांद्यावर कल्पनेची वायर, ओठांत कल्पनेची काडी. "ओ सर, बिल भरता का कापू लाईन?" मी भराभर पांढरे खडू दिले, हवे त्याहून जास्त, कारण माणूस फारच हुबेहूब होता. पाठोपाठ बोअरची मोटर दुरुस्त करणारा मिस्त्री आला, पान चघळत. मग कंपाउंडची भिंत पडलीय आणि गावच्या बकऱ्या आमच्या वर्गात बसतात अशी तक्रार घेऊन एक आजोबा आले, काठी टेकत. मी सगळ्यांना देत सुटलो. बाईंना अशी अदाकारी येते हे मला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं. मी पैसे वाटतोय हे विसरून नुसता प्रेक्षक झालो होतो. मग पदर डोक्यावर ओढून एक आई आली. आवाज खाली गेलेला. "सर, पयलीच्या पोरी थंड्या फरशीवर बसतात जी. चटई नाई. माही पोरगी खोकलून राह्यली..." मी टेबलाकडं बघितलं. लाल, निळे. पांढरा एकही नाही. मी हळूच लाल खडू पुढं सरकवला. आईनं तो माझ्याकडं परत सरकवला. "हा खेळाचा हाये न जी. हा नाई चालत."

आई गेली. आणि नंतर आणखी एक जण आत आला. तो हात पसरून, डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून एक अदृश्य पडदा उघडत होता. "बाई, मखमल! दोरी ओढली की काय सरकंन..." तो मी होतो! माझं ते बोटांनी झालर दाखवणं, मध्येच थांबून समोरच्याच्या डोळ्यांत आपला परिणाम तपासणं, सगळं. मी पोट धरून हसलो आणि हसता हसता माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, सर. चटया राहिल्यात."

बाई थांबल्या. पदर नीट केला. "पाहा, आलं का नाही तोंडातून? आता चहा ठेवते."

त्यानंतरचं ते वर्ष, म्हणजे बाईंच्या निवृत्तीआधीचं शेवटचं, त्यांनी मला शिकवणीच लावली. खडू-फळा नाही, टिपणं नाही. चालता-बोलता. दानशूर मंडळींनी शाळेला संगणक देऊ केला की मी नाचायला लागायचो आणि बाई विचारायच्या, "तो खाईन काय?" म्हणजे वीज किती, दुरुस्ती कोण करणार, पुढच्या वर्षी काय. त्यांचं म्हणणं असं, की शाळेत आलेली प्रत्येक वस्तू जेवायला बसते. आणताना आपण तिचं तोंड बघतो, पोट बघत नाही. अंदाजपत्रक म्हणजे वर्षभर कोण कोण पंगतीला आहे ते आधी मोजणं. समितीचा ठराव आधी आणि खरेदी नंतर, हे त्यांनी मला इतक्या वेळा घोकवलं की मी घरी भाजी आणण्याआधी बायकोला विचारलं, ठराव झाला का? तीन दुकानांचे भाव आणायला त्या मला मोताळ्याला पाठवायच्या आणि मी दुकानदारांशी गप्पा मारून, त्यांच्या मुलांच्या लग्नांच्या सूत्रसंचालनाची आमंत्रणं घेऊन, भाव न विचारताच परत यायचो. "बरं झालं," बाई म्हणायच्या. "आता वापस जा."

बाईंच्या एका जुन्या चुकीची गोष्ट होती, पृथ्वीची. ती बाई प्रत्येक नव्या शिक्षकाला स्वतःच सांगायच्या, कोणाच्या तोंडून ऐकायला मिळण्याआधी. दुसऱ्या एका गावी त्यांच्याकडं पहिल्यांदा चार्ज आला तेव्हा मार्च संपत आला होता. खात्यावर पैसे पडलेले, खर्च झाले नाहीत तर परत जाणार. बाई घाबरल्या आणि शहरातलं शालेय साहित्याचं दुकान गाठलं. पण त्यांच्यासारखेच घाबरलेले सगळे हेडमास्तर आधीच येऊन गेले होते आणि दुकान धुऊन नेलं होतं. उरले होते फक्त पृथ्वीगोल. बाईंनी सगळे उचलले. मग काय विचारता! प्रत्येक वर्गात पृथ्वी, व्हरांड्यात पृथ्वी, पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर पृथ्वी. आणि शाळेचा हातपंप मोडलेला तो मोडलेलाच. "तीन भाग पानी आन् एक भाग जमीन, असं मी शिकवत होती," बाई सांगायच्या, "आन् मांगून एक पोरगी म्हने, बाई, मंग आपल्या शाळेत प्यायले काऊन नाई?" सगळे हसायचे. बाईसुद्धा. पण अशा एखाद्या पोरीला पुन्हा नाही म्हणायला लागू नये म्हणून त्या पुढं आयुष्यभर बाकी सगळ्यांना नाही म्हणत राहिल्या, असं मला आता वाटतं. तेव्हा मी फक्त पृथ्वी डोक्यावर घेऊन चालण्याची नक्कल करायचो.

बाई निवृत्त झाल्या. वर्षभरानं त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं आणि ते चांगलं नव्हतं. अकोल्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. खाटेवर अगदीच लहान दिसत होत्या. मी नेहमीप्रमाणे दारातूनच नाटकातल्यासारखा प्रवेश केला, दवाखान्याच्या जेवणावर, शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या घोरण्यावर काहीबाही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "यादी लागली का?"

"लागली."

"तुमचं नाव?"

"आहे."

"मंग?"

मी खिडकीकडं बघितलं. "पाहू."

"पाहू हा काही आकडा नाही होत, सर." मग अगदी स्वच्छ, छापील मराठीत म्हणाल्या, "आता आपण निघावे. आपली गाडी चुकेल."

आपण! निघावे! मी जिन्यात येऊन थांबलो. परत वर जावं, काहीतरी नक्कल करावी, त्यांना पुन्हा वऱ्हाडीवर आणावं असं फार वाटलं. पण तिथं नक्कल उपयोगाची नव्हती. त्यांना उत्तर हवं होतं आणि ते माझ्याजवळ नव्हतं. मी निघालो. तीच आमची शेवटची भेट.

त्यांच्या तेरवीला मी गेलो तेव्हा बढतीचं समुपदेशन दोन दिवसांवर आलं होतं. म्हणजे बुलडाण्याला सगळ्यांना एका सभागृहात बोलावतात, एकेकाचं नाव पुकारतात आणि विचारतात, घेता की नाकारता? माझं ते पाठ वाक्य मी कागदावर उतरवून खिशात ठेवलेलं होतं. बाईंच्या अंगणात मांडव होता, माणसं दाटीनं बसलेली. जेवणं झाली आणि कोणीतरी, बहुतेक सरपंचांनीच, सुरुवात केली. "मले बाईनं कमानीले नाही म्हटलं होतं. तीन खेपा. चहा मात्र काय होता!" त्यावर खेळाचे सर म्हणाले, माझी जाळी. एक जण म्हणाला, त्याच्या भाच्याच्या दुकानातून गणवेश घ्यायला. एक बाई म्हणाल्या, मुलाचं वय कागदावर वाढवायला. एकेक जण आपापलं नाही सांगायला लागला, जणू बाईंनी दिलेली भेटवस्तू दाखवतोय! कोणाला आल्याचा चहा मिळाला होता, कोणाला गवती चहाचा. सरपंच म्हणाले, "बाकी हेडमास्तर हो म्हनत होते आन् काहीच होत नव्हतं. बाई नाही म्हने, पण काऊन नाही ते सांगे. आन् पुढच्या साली स्वतःच निरोप धाडे, या, आता जमते." मांडवात हसू पसरलं होतं आणि मी, जो कुठल्याही मैफिलीत शेवटपर्यंत बोलत असतो, एकटा गप्प बसलो होतो. आयुष्यभर कोणाला न दुखावता वागलो म्हणून मी खूश होतो. माझ्या तेरवीला लोक काय सांगतील? हसवायचा बुवा, एवढंच.

निघताना दादा फाटकापर्यंत आले. मी चाचरत सांगितलं, की दवाखान्यात बाई माझ्यावर रागावल्या होत्या. दादा चक्रावले. "रागावली? तुमी गेल्यावर घंटाभर तुमचीच नक्कल करून राह्यली होती ती. तुमी 'पाहू' म्हनून खिडकीकडं कसं पाह्यलं ते. शेजारची आजी, नर्सबाई, सारे हसत होते. मी म्हटलं, सुमे, दम लागंन. तं म्हने, लागू द्या, हा मानूस लय कामाचा हाये, फक्त त्याले ठाऊक नाही."

बुलडाण्याच्या सभागृहात माझं नाव पुकारलं. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "स्वीकार की नकार?" खिशातला कागद मला टोचत होता. मी म्हटलं, "स्वीकार." आवाज इतका मोठा निघाला की शेवटच्या रांगेतले झोपलेले जागे झाले. साहेबांनी रिक्त शाळांची यादी पुढं केली आणि मी विचारायला लागलो: इथं बोअर आहे का? विजेची थकबाकी कोणाच्या वेळची? अनुदानाचं खातं चालू आहे ना? मागून कोणीतरी ओरडलं, "सर, शाळा घ्या, पोरगी पाहायले आल्यावानी काय करून राह्यले!" सभागृह हसलं. तेवढ्या हसण्यावर मी वाकून नमस्कार केला. जुनी सवय.

आता मी वरवट बकालच्या पुढं, सातपुड्याच्या बाजूच्या एका गावात आहे. आलो त्याच आठवड्यात पहिलं नाही म्हटलं. समितीचे अध्यक्ष फलकावर नव्यानं सोनेरी अक्षरं काढायची म्हणून आले होते. माझा आवाज चिरकला आणि चहात साखर दोनदा पडली. अध्यक्ष तो चहा पिऊन गेले. सकाळी परत आले आणि म्हणाले, सर, तुमचा चहा लय गोड होता, पण आलं टाकत जा.

एक गोष्ट सांगायची राहिलीच. बाई अंदाजपत्रक कधीही त्यांच्या खोलीत बसून करत नसत. पहिलीच्या वर्गात जाऊन, पोरांच्या रांगेत, खाली मांडी घालून बसायच्या. खुर्चीतून कोणतीही शाळा बरीच दिसते, म्हणायच्या. मला ती त्यांची लहर वाटायची. परवा दुपारी मी इथल्या पहिलीच्या वर्गात कोरा कागद घेऊन, तसाच जाऊन बसलो. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. खालून बघितलं तर फळा आभाळात होता आणि खिडकीची कडी कोणाच्याच हाताला लागेल अशी नव्हती. शेजारी बसलेली एक मुलगी माझ्याकडं टक लावून बघत होती.

"सर, तुमी पयलीत बसले काय?"

"हाव," मी म्हटलं. "माझं नाव उशिरा घातलं."

तिनं थोडा विचार केला. तिला ते पटलं असावं. मग तिनं आपलं दप्तर उचललं आणि बाजूला सरकून जागा केली.

"मंग तठी नका बसू. तठी पावसात गळते. अठी या."

मी सरकलो, आणि पहिली ओळ लिहिली.